लाल दिवा का लागतो? घरच्या राऊटरच्या दोषांचे निदान

स्मरणिकेच्या पानांत संस्थेचा अहवाल असतो, मान्यवरांचे शुभसंदेश असतात, माजी विद्यार्थ्यांची मनोगते असतात. राऊटरसारख्या यंत्रावर लेख सहसा नसतो, आणि तो इतिहासाच्या शिक्षकाने लिहावा अशी अपेक्षा तर कोणीच करणार नाही. तरीही संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आम्ही जाणूनबुजून हाच विषय निवडला. गेली काही वर्षे वसतिगृहात भेटीस येणारे पालक आणि वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात स्थायिक झालेले आमचे माजी विद्यार्थी आमच्याशी इतिहासापेक्षा या डब्याविषयीच अधिक बोलतात. बोलण्याचा आशय बहुधा एकच असतो: अर्जाची मुदत उद्या संपते आहे, घरातले नेट बंद आहे आणि केबलवाला फोन उचलत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाईलच्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, मुले वर्गात परतली. परंतु कागदपत्रांचे काम मात्र पडद्यावरच राहिले. अकरावीचा प्रवेश, सीईटीचा अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती या सर्वांचा दरवाजा आता एकच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत गेला नाही, तर त्या वर्षाचा भार मजुरी करणाऱ्या आईबापांवर पडतो. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी फहिमा शिरीन या विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तो वादही वसतिगृहातील मुलींच्या मोबाईल वापरावरील बंधनातूनच निर्माण झाला होता, हे आमच्यासारख्या निवासी शाळांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंतु न्यायालयाने मान्य केलेला हक्क घरात पोचतो तो शेवटी भिंतीवरच्या त्या डब्यातून. तो डबा बंद पडला की पुष्कळ घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर दिसेल ते बटण दाबले जाते, नाही तर कोणी सांगेल त्या किमतीला नवा डबा आणला जातो. आमचे म्हणणे एवढेच, की दोषाला नेहमी एक ठिकाण असते. ते ठिकाण सापडेपर्यंत बटणही दाबू नये आणि पैसेही देऊ नयेत.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. आपल्या भागात आता बहुतेक घरांत फायबरची बारीक तार येते. ती इमारतीच्या गच्चीवरून किंवा रस्त्यावरच्या खांबावरून उतरते. त्या तारेतून वीज जात नाही, प्रकाश जातो. ज्या डब्यात ती तार शिरते त्याला तंत्रज्ञ ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. तो प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करतो. ते संकेत घरातील निरनिराळ्या मोबाईलना व संगणकांना वाटून देण्याचे काम राऊटरचे. पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही कामे एकच डबा करतो आणि वायफायच्या लहरीही तोच सोडतो. म्हणून बाहेरची तार तुटली, डबा बिघडला, लहरी पोचल्या नाहीत किंवा आपला मोबाईलच हट्टाला पेटला, तरी घरातील माणसाच्या तोंडी तक्रार एकच येते: "नेट गेले." एकाच तक्रारीमागे इतकी भिन्न कारणे असतात, म्हणूनच निदानाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

निदानाचा आरंभ दिव्यांपासून करावा. पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल, तर बाहेरून प्रकाश येत आहे. लॉस या अक्षरांचा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. तार कोठे तरी तुटली आहे, उंदराने कुरतडली आहे, कपाटामागे तीव्र कोनात वाकली आहे किंवा मागचा जोड सैल झाला आहे. जोड हळूच दाबून पाहावा, तारेची घडी मोकळी करावी; याहून अधिक घरात करण्यासारखे काही नाही. लाल दिवा असताना राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून काहीही बदलणे व्यर्थ आहे, कारण विहीरच आटली असेल तर नळाची तोटी बदलून पाणी येत नाही. येथे एक सावधगिरी सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. फायबरचे सुटे टोक मुलांच्या हाती देऊ नये व त्यात डोळा लावून पाहू नये. त्यातील लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो इजा करू शकतो.

पॉन हिरवा असूनही नेट रखडत असेल, तर डब्याच्या आतील पानावर प्रकाशाची पातळी पाहता येते. मोबाईल वायफायला जोडून ब्राऊझरमध्ये डब्यामागे छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, इंग्रजी अंकांत टाईप करावा, म्हणजे ते पान उघडते. तेथे येणाऱ्या प्रकाशाचा आकडा डीबीएम या एककात दिलेला असतो. तो साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावा. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८, उणे ३० असा गेला, तर दोष तारेत आहे. केबलवाल्याने "तुमचा राऊटर जुना झाला" असे सांगितले तर हा आकडा त्यास दाखवावा. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने नालासोपाऱ्यात हेच केले. नव्या डब्याचा खर्च टळला आणि इमारतीच्या जिन्यातील जोड बदलून काम झाले.

आता सर्वांत अधिक नुकसान ज्याने होते त्या गोष्टीकडे वळू. राऊटर पुन्हा सुरू करणे आणि राऊटर रिसेट करणे या दोन क्रिया पूर्णतः भिन्न आहेत. बोलताना मात्र दोन्हींना "रिसेट" म्हणण्याची सवय पडली आहे. पुन्हा सुरू करणे म्हणजे वीज बंद करून अर्धा मिनिट थांबणे व पुन्हा चालू करणे. यात काहीच पुसले जात नाही, म्हणून हा उपाय केव्हाही करावा. रिसेट म्हणजे मागील बारीक छिद्रात सुई घालून आतील बटण काही सेकंद दाबून धरणे. असे केल्यावर डबा कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा होतो. वायफायचे नाव जाते, पासवर्ड जातो, आणि मुख्य म्हणजे ज्या युजरनेम व पासवर्डच्या बळावर आपला डबा कंपनीच्या यंत्रणेत प्रवेश करतो तेही जातात. या पद्धतीला पीपीपीओई असे नाव आहे. त्याच्या जोडीला व्हीलॅन नावाचा एक क्रमांकही भरलेला असू शकतो. ही माहिती हाताशी नसेल, तर अर्ध्या तासात बरा होणारा दोष केबलवाला येईपर्यंत दोनतीन दिवस ताटकळतो. सुई हाती घेण्यापूर्वी ही माहिती कोठे लिहून ठेवली आहे का, हा प्रश्न घरातील प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

बहुतेक घरांत तिचे उत्तर "केबलवाल्याकडे" असेच असते. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे येथे आम्हांस गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तराची आठवण होते. शेत कसणारा कसे, सारा भरणारा भरे. पण कोणी किती भरले हे ज्या कागदावर लिहिलेले असे तो कागद मात्र त्याला वाचता येत नसे आणि त्याच्या घरी राहतही नसे. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती गाव. आज वाचता येते, बिलही आपणच भरतो. मग आपल्याच घरातील यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या वहीत का असावी? जोडणी घेताना पीपीपीओईचे युजरनेम व पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक आणि डब्यात शिरण्याचा पासवर्ड मागून घ्यावा. काही कंपन्या डब्याचा मुख्य पासवर्ड देत नाहीत. तसे असेल तर निदान युजरनेम, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा क्रमांक तरी घ्यावा. हे सर्व मोबाईलमध्ये न ठेवता कागदावर लिहून शिधापत्रिकेच्या पाकिटात ठेवावे, असे आम्ही पालकांना सांगतो. हेच पाकीट प्रत्येक घरात हमखास सापडते.

वीज ही आपल्या तालुक्याची जुनी दुखरी बाजू. पावसाळ्यात ती जाते, येते, कमीजास्त होते. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकात रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या होत्या, ते दिवस येथील कोणी विसरलेले नाही. विजेच्या अशा चढउतारांचा पहिला बळी राऊटर नव्हे, तर त्याचा अडॅप्टर असतो. बहुतेक डब्यांस १२ व्होल्टचा लहान अडॅप्टर लागतो. तो अर्धामुर्धा बिघडला की दिवे तर लागतात, पण भार वाढताच डबा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा फर्मवेअरचा दोष वाटतो. म्हणून डबा वरचेवर स्वतःच चालू-बंद होत असेल, तर त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा अधिक अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून एक दिवस पाहावे. व्होल्ट मात्र बदलता कामा नयेत. नव्या राऊटरच्या मानाने अडॅप्टर फारच स्वस्त पडतो. डब्यासाठी मिळणारा १२ व्होल्टचा लहान यूपीएस घेतला, तर वीज जाऊन आली तरी अर्ज भरणे मध्येच तुटत नाही. अर्थात बाहेर खांबावरील यंत्रणेलाही वीज असावी लागते.

सेटिंगमधील दोष कसा फसवा असतो हे आमच्या वसतिगृहातील एका प्रसंगावरून सांगता येईल. एका माजी विद्यार्थ्याने मुलींच्या अभ्यासिकेसाठी दुसरा राऊटर भेट दिला. मोठ्या मुलांनी तार जोडली, दिवे लागले, सर्वांना आनंद झाला. दुसऱ्या दिवसापासून मात्र विचित्र प्रकार सुरू झाला. काही मोबाईलवर नेट चाले, काहींवर चालत नसे. सकाळी चाललेला मोबाईल सायंकाळी बंद पडे. कोणी म्हणाले डबाच खराब, कोणी म्हणाले कंपनीच खराब. दहावीतील एका मुलीने तक्रार करण्याऐवजी वही काढली. कोणता मोबाईल केव्हा चालतो आणि त्या वेळी त्याच्या वायफायच्या तपशिलात कोणता पत्ता दिसतो, हे ती दोन दिवस लिहीत राहिली. ज्यांचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होई ते चालत, ज्यांचा १९२.१६८.० ने सुरू होई ते बंद असत.

या नोंदीतच उत्तर होते. घरातील प्रत्येक यंत्रास एक पत्ता लागतो आणि तो वाटून देणाऱ्या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. एका जाळ्यात पत्ते वाटणारा एकच असावा. येथे जुना डबा आणि नवा राऊटर दोघेही पत्ते वाटत होते. नव्याकडून पत्ता घेणाऱ्या मोबाईलला बाहेरचा रस्ता विचारावा तर नव्या राऊटरला तो ठाऊकच नव्हता. उपाय दहा मिनिटांचा होता. नव्या राऊटरमधील डीएचसीपी बंद केले, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलला आणि तार त्याच्या लॅनच्या छिद्रातच राहू दिली. एक पैसाही खर्च झाला नाही. ज्यांच्या घरी दुसऱ्या खोलीसाठी जुना राऊटर लावलेला आहे, त्यांनी एवढे अवश्य तपासावे.

याच व्यवस्थेचा दुसरा दोष पालकसभेच्या दिवशी दिसला. त्या दिवशी नव्याने येणाऱ्या मोबाईलवर "आयपी पत्ता मिळवत आहे" एवढीच ओळ फिरत राही. डब्याजवळ वाटण्यासाठी पन्नासच पत्ते होते आणि दिलेला पत्ता तो चोवीस तास परत घेत नसे. पाहुणा निघून गेला तरी त्याची खुर्ची राखून ठेवावी तसा हा प्रकार. पत्त्यांची मर्यादा २० ते २५० अशी वाढवली आणि मुदत दोन तासांवर आणली, तेव्हा तो प्रश्न मिटला. घरगुती वापरात असे क्वचितच घडते, पण विहार, अभ्यासिका, क्लास चालवणाऱ्यांना ही माहिती उपयोगी पडेल.

वायफायच्या लहरींविषयी थोडक्यात सांगतो. तार जोडून लॅपटॉपवर वेग नीट येतो आणि मोबाईलवर येत नाही, असे असेल तर दोष लहरींचा आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडते, पण आपल्या दाटीच्या इमारतींत प्रत्येक घराचा डबा त्याच लहरीवर बोलत असतो. बाजारात सर्वांनी एकाच वेळी ओरडावे तसे होते. सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर गर्दी कमी तो निवडावा. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान व मोकळी असते, परंतु जाड भिंतीपलीकडे तिचा जोर संपतो. डबा लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नये, उंचावर व मोकळ्या जागी ठेवावा. आणखी एक खूण: व्हॉट्सअॅप चालते पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे झाले तर बहुधा नावाचा पत्त्याशी मेळ घालणारी डीएनएस व्यवस्था अडलेली असते. तेव्हा सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे सार्वजनिक डीएनएस भरून पाहावेत.

तार ठीक, वीज ठीक, सेटिंग ठीक, तरीही डबा अडत असेल, तर मग फर्मवेअरचा विचार करावा. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतील स्मृतीत कायम लिहून ठेवलेला कार्यक्रम. यंत्राने कसे वागावे हे तो ठरवतो. कारखान्यात तो एकदा लिहिला जातो आणि त्याची नक्कल त्या मॉडेलच्या प्रत्येक डब्यात उतरते. लिहिणाऱ्याची चूक असेल तर तीही प्रत्येक डब्यात उतरते. आपल्या सोपाऱ्यातच याचा एक प्राचीन दाखला सापडतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे मिळाला आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा तुकडा मिळाला. हे चौदा लेख देशात ठिकठिकाणी कोरले गेले. त्यांपैकी चौदाव्या लेखात अशोकाने स्वतःच नमूद केले आहे, की काही ठिकाणी मजकूर अपुरा लिहिला गेला असेल आणि त्यास लेखनिकाचा दोषही कारण असेल. एवढ्या मोठ्या सम्राटाने लेखनातील दोष मान्य करून तो दगडावर कोरवला. राऊटर बनवणारे मात्र आपल्या चुकीची कबुली नव्या आवृत्तीसोबतच्या माहितीत एका ओळीत देतात आणि ती ओळ वाचण्याची सवय आपल्याला नसते. दगडातील चूक दुरुस्त करता येत नाही. फर्मवेअरची येते, एवढा फरक.

सदोष फर्मवेअर ओळखावे कसे? त्याच्या वागण्यात एक पुनरावृत्ती असते. आमच्या वसतिगृहातील मुख्य डबा दर तीनचार दिवसांनी गोठत असे. दिवे लागलेले असत, वायफायचे नाव दिसे, पण काहीच उघडत नसे. वीज बंद-चालू केली की पुन्हा तीनचार दिवस सुरळीत. रविवारी, मोबाईल अधिक असत तेव्हा, तो लवकर गोठे. अडॅप्टर बदलला, फरक पडला नाही. वायफाय बंद ठेवून केवळ तारेने वापरला, तरी गोठला. याचा अर्थ दोष विजेत नव्हता, लहरीतही नव्हता. काम वाढत जाईल तशी डब्याची स्मृती भरत होती आणि कार्यक्रम ती मोकळी करत नव्हता. निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहिले तेव्हा नवी आवृत्ती निघालेली होती, आणि अनेक यंत्रे जोडल्यावर डबा गोठण्याचा दोष तीत दूर केल्याची नोंद होती. ती आवृत्ती भरल्यानंतर गोठणे थांबले.

परंतु फर्मवेअर बदलणे ही शस्त्रक्रिया आहे, ती घाईने करू नये. डब्याखालील पट्टीवर मॉडेलचे नाव आणि त्यापुढे हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते. दोन्ही तंतोतंत जुळणारी फाईलच घ्यावी. नाव तेच, पण आवृत्ती दुसरी असेल, तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो. फाईल निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी, कोणी मोबाईलवर पाठवलेली कधीही घेऊ नये. आधी सध्याच्या सेटिंगची प्रत काढून ठेवावी. संगणक वायफायने न जोडता तारेने जोडावा. काम चालू असताना वीज गेली तर कार्यक्रम अर्धवट लिहिला जाऊन डबा मरतो, म्हणून वादळी पावसाच्या रात्री हा उद्योग करू नये. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तर मुळीच करू नये. त्या दिवशी शेजाऱ्याचा हॉटस्पॉट घ्यावा. कंपनीने दिलेल्या ओएनटीचे फर्मवेअर बहुधा ग्राहकास बदलता येत नाही. कंपनी ते दुरून बदलते, तेव्हा तक्रारीत "फर्मवेअरची आवृत्ती तपासावी" असे स्पष्ट लिहावे.

दुरून बदलण्याची ही सोय कशी उलटते, हे नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस जर्मनीत दिसले. दुरून व्यवस्थापन करण्यासाठी जो मार्ग राऊटरमध्ये उघडा ठेवलेला असतो, त्याच मार्गाने हल्ला झाला आणि डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली. कंपनीने नवे फर्मवेअर काढले आणि लोकांना डबा थोडा वेळ बंद करून पुन्हा लावण्यास सांगितले. हल्ला करणारा कार्यक्रम 'मिराई' या कुळातील होता. मूळ मिराईकडे सुमारे साठ युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. हे कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी कधी बदललेलेच नव्हते. तेवढ्या यादीच्या जोरावर त्याने जगभरातील लाखो यंत्रे ताब्यात घेतली.

आपल्या देशातही जुलै २०१७ च्या अखेरीस भारत संचार निगम आणि दिल्ली-मुंबईत सेवा देणारा महानगर टेलिफोन निगम यांच्या ग्राहकांचे मोडेम एकाएकी बंद पडू लागले. बाधित मोडेमची संख्या त्या वेळच्या वृत्तांत साठ हजारांवर सांगितली गेली. मोडेमचा मूळ पासवर्ड, बहुधा अॅडमिन-अॅडमिन, तसाच राहिलेला होता, आणि भारत संचार निगमने ग्राहकांना तो तातडीने बदलण्याचे आवाहन केले. या हल्ल्याची जबाबदारी 'ब्रिकरबॉट' या कार्यक्रमाच्या कर्त्याने घेतली. गुन्हेगारांच्या हाती पडण्याआधी असुरक्षित यंत्रे मोडून टाकावीत, असे त्याचे तत्त्वज्ञान होते. आम्हांस ते मान्य नाही. ज्याला कुलूप लावण्यास कोणी शिकवलेच नाही, त्याचे घर पाडून कुलपाचे महत्त्व सांगणे ही शिकवण नव्हे. परंतु त्या ग्राहकांपैकी किती जणांना जोडणी देताना कोणी सांगितले होते, की हा पासवर्ड बदलावयाचा असतो?

पासवर्ड दोन असतात हेही पुष्कळांस ठाऊक नसते. वायफायचा पासवर्ड पाहुण्याला द्यावयाचा. डब्यात शिरण्याचा पासवर्ड कोणालाही द्यावयाचा नाही. दोन्ही बदलावेत, वेगवेगळे ठेवावेत. वायफायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे, डब्ल्यूपीएस बंद करावे, आणि दुरून व्यवस्थापन करण्याची सोय सेटिंगमध्ये दिसत असेल व कंपनीस तिची गरज नसेल, तर तीही बंद करावी. अधूनमधून डीएनएसचे आकडे पाहावेत. आपण किंवा कंपनीने न भरलेला अनोळखी पत्ता तेथे आढळला, तर तो आपणास बँकेच्या बनावट पानावर नेऊ शकतो. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

उघड्या वायफायचा धोका केवळ पैशांचा नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना आलेला ईमेल नवी मुंबईतील सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वायफायवरून गेला होता. जोडणी त्याच्या नावे असल्यामुळे चौकशी प्रथम त्याच्याच दारी आली. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या व चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून पाठवले गेले. चाळीत चार घरे मिळून एक जोडणी वापरतात. ही काटकसर आम्ही वाईट म्हणणार नाही, तीत आपल्या वस्त्यांची जुनी बंधुता आहे. मात्र जोडणी ज्याच्या नावे आहे त्याने कोण वापरते हे जाणून असावे आणि घर सोडून गेलेल्या भाडेकरूनंतर पासवर्ड बदलावा.

एवढे करूनही दोष बाहेरचाच निघाला, तर तक्रार नीट करावी. "नेट चालत नाही" एवढे सांगून भागत नाही. लॉसचा दिवा केव्हापासून लाल आहे, प्रकाशाचा आकडा किती, तारेने जोडून पाहिले का, अडॅप्टर बदलला का, हे सांगावे. तक्रार तोंडी केबलवाल्याकडे न थांबवता, ज्या परवानाधारक कंपनीच्या नावे बिल येते तिच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक कंपनीस अपील प्राधिकरण नेमावे लागते. तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत तेथे अपील करता येते. त्यास शुल्क नाही, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा असा नियम आहे. अपिलात डॉकेट क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक आणि त्या दिवशीची तारीख शिधापत्रिकेच्या पाकिटातील त्याच कागदावर, पीपीपीओईच्या युजरनेमखाली लिहून ठेवावी.